रविवारचा कार्बोरेटर

आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की पहिल्याच दिवशी बोरस्ते काका त्यांच्या दारात हजर होतात. या म्हटलं की चपला काढतात, पण सोफ्याकडे वळत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरतात, गुडघ्यांवर हात टेकून ओट्यापुढे वाकतात आणि गॅसची ज्योत बघतात. आम्ही जेल रोडला राहायला आलो तेव्हा नव्या घरात दूध उतू घालवायचं म्हणून मी पातेलं शेगडीवर ठेवलं होतं. सासूबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभ्या, दूध वर येण्याच्या बेतात, आणि एक सत्तरीचा अनोळखी माणूस पातेल्याखाली डोकं घालून म्हणतो, "पिवळी हाय. हवा कमी पडतीय." दूध उतू जायच्या आत त्यांनी गॅस बंद केला, बर्नर फडक्यात धरून काढला आणि खिशातल्या तारेनं त्याची एकूण एक भोकं साफ केली. मग ज्योत निळी झाली आणि दूधही उतू गेलं, पण मुहूर्त टळला तो टळलाच. सासूबाई आजही त्यांचं नाव घेत नाहीत, 'तो तारवाला' म्हणतात.

काकांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलरवर काढली. आतला जाळ नीट जळतोय ना, हे बघणं हेच त्यांचं काम. जाळ नीट म्हणजे हवा आणि इंधन यांचा मेळ नीट. एवढी एकच गोष्ट इतकी वर्षं बघितल्यावर माणसाला जगात दुसरं काही दिसेनासं होत असावं. शेजारच्या मुलाचं बारावीला गणित राहिलं तर काकांचं निदान, हवा कमी पडली. सोसायटीची मीटिंग भांडणात संपली तरी हवाच कमी पडली. माझे यजमान जेवल्यावर घोरतात, त्यावरही काकांनी गच्चीत उभं राहून मला हेच ऐकवलं होतं, आणि तिथे मात्र डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं.

धुराचा तर त्यांना मनस्वी राग. गणपतीत धूप जास्त झाला की आरती सोडून खिडक्या उघडत सुटतात. एका वर्षी आमच्या सेक्रेटरीनं होळी रचायचं काम त्यांच्यावर सोपवलं. काकांनी लाकडं अशी काही रचली, मधून वारा खेळेल अशा फटी ठेवल्या, की धूर नावालाही झाला नाही. होळी लख्ख पेटली आणि आम्ही बायका पुरणपोळीचं ताट घेऊन तीन जिने उतरेपर्यंत जळून संपलीसुद्धा. नैवेद्य राखेला दाखवावा लागला. काका मात्र राखेत काठी घालून सगळ्यांना बोलावून दाखवत होते, "बघा, एक कोळसा शिल्लक नाय."

सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, हे ऐकून फक्त हसल्या. "तुम्ही होळीचं काय घेऊन बसलात," त्या म्हणाल्या. "आमच्या लग्नात होमाला धूर झाला, तर या माणसानं मंगलाष्टकं झालेली बायको बाजूला बसवून भटजींकडून समिधा परत रचून घेतल्या. सप्तपदीच्या वेळी माझे डोळे कोरडे होते. माझी आई म्हणाली, पोरीला सासरी जायचं दुःखच नाही."

अशा माणसाच्या गाडीनं धूर ओकावा, हे म्हणजे फारच झालं.

गाडी म्हणजे पद्मिनी. साईच्या रंगाची, काकांनी निवृत्तीनंतर एका साहेबाकडून जुनी घेतलेली. आठवड्याचे सहा दिवस ती माझ्या स्कूटरच्या शेजारी आच्छादनाखाली झोपलेली असे, आणि रविवारी सकाळी साडेसातला घोगऱ्या आवाजात उठून पेठच्या रस्त्याला लागे. करंजाळीच्या आत डोंगरात एक पाडा आहे, तिथे लहानू भोये राहतात. बॉयलरवर काका आणि लहानू अठ्ठावीस वर्षं एका पाळीत होते. काका डोळ्यांनी जाळ ओळखायचे, लहानू कानांनी, असं काकाच सांगत. निवृत्त झाल्यावर लहानू गावी परतले आणि काही वर्षांत साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून एकही रविवार काकांनी चुकवलेला नाही. संध्याकाळी परत येताना मागच्या सीटवर नागलीचं पीठ, कधी करांद्याचे कंद, कधी पालेभाजी असायची आणि आमच्याही घरी त्यातलं काही यायचं.

या वर्षी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा करायची वेळ आली. त्यासाठी आधी पीयूसी हवं. पूर्वी म्हणे हे काम चहा पिता पिता होई. आता नळी गाडीच्या धुराड्यात जाते, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि आकडा थेट सरकारच्या संगणकात जाऊन बसतो. धुरातल्या विषारी वायूची मर्यादा तीन टक्क्यांची. पद्मिनीचा आकडा आला पाच पूर्णांक सहा. पीयूसीवाला भला माणूस, त्यानं यंत्र साफ करून पुन्हा लावलं. तेव्हा पाच पूर्णांक आठ आला.

ही बातमी काकांच्या आधी सोसायटीत पोचली. ज्यांची ज्यांची ज्योत काकांनी पिवळी ठरवली होती, ते सगळे त्या संध्याकाळी काही ना काही निमित्तानं पार्किंगमध्ये उतरले. सेक्रेटरी तर गाडीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि म्हणाला, "काका, हवा कमी पडतेय का?" काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

मुदतीला पाच आठवडे उरले होते. गाडी भंगारात द्या, असं तिघांनी सांगितलं. सुमनकाकू म्हणाल्या, पेठला एसटी जाते, फाट्यावर उतरून पुढे चालायचं. काका एवढंच म्हणाले, "एसटीनं जमत नाय." का जमत नाही ते सांगेनात. नोंदणी गेली तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती आणि गाडी गेली तर रविवार जाणार होता. त्या पाच आठवड्यांत काकांचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणून तर मी त्या भानगडीत पडले.

दोष कार्बोरेटरचा होता. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र येतात तो हा भाग, मुठीएवढा असतो. काकांच्या भाषेत गाडीचं स्वयंपाकघर. आत पितळेच्या बारीक भोकांची जेट असतात, त्यातून पेट्रोल येतं. काकांनी तो धुतला, तारेनं साफ केला, फुंकला, पण आकडा पाचाखाली उतरेना. तेव्हा ते मालेगावच्या भंगार बाजारात गेले आणि दिवसभर फिरून एका व्हॅनचा कार्बोरेटर घेऊन आले. तो पद्मिनीला बसेना. मग अंबडच्या एका लेथवाल्याकडे बसून मधली अॅल्युमिनियमची पट्टी करून घेतली. ती बसली तर वरचं झाकण बसेना. ते ठोकून बसवलं तेव्हा बॉनेट लागेना.

"वहिनी, जरा रेस द्यायला येता का?" असं म्हणत काका एका संध्याकाळी दारात आले. मी म्हटलं, मला गाडी येत नाही. "म्हणून तर," ते म्हणाले. "गाडी येणारा माणूस आपलं डोकं चालवतो. तुम्ही शाळेत शिकवता, सांगितलं तेवढंच करायची सवय असंल." पंचवीस वर्षांच्या नोकरीचं असं मूल्यमापन कोणी केलं नव्हतं, पण मी गेले. पुढचे पंधरा दिवस शाळेतून आल्यावर मी पद्मिनीच्या स्टिअरिंगमागे बसून उजव्या पायाचा अंगठा इशाऱ्याबरहुकूम अॅक्सिलरेटरवर दाबत होते. काका बॉनेटखालून ओरडायचे, "द्या. सोडा. थोडी द्या. एवढी नाय, हळदीकुंकवाएवढी."

तपासणीची त्यांची पद्धत सोपी होती. धुराड्याच्या तोंडाशी पांढरं फडकं धरायचं आणि काजळी बघायची. त्यांचे रुमाल संपले, मग यजमानांचे संपले आणि एके दिवशी माझी लखनवी ओढणी गेली. यजमानांनी हे सगळं फार सोसलं.

बाराव्या दिवशी फडकं पांढरंच राहिलं. काका मला बाहेर बोलावून ते फडकं उन्हात धरून दाखवत होते. लगेच पीयूसीला निघालो. मी पुढच्या सीटवर, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. बिटको चौकात सिग्नल सुटला आणि गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचका. मागे रिक्षा, ट्रक, बस असे सगळे एका सुरात वाजवायला लागले. शेवटी कोपऱ्यावरच्या दोन भाजीवाल्यांनी आम्हाला ढकलत कडेला आणलं.

काकांनी बॉनेट उघडून कार्बोरेटर तपासला. मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते म्हणाले, "वहिनी, हवा जास्त झाली." बॉयलरवरच्या सवयीची चूक होती ती. बॉयलरला धूर आला की हवा वाढवायची, आणखी आला की आणखी वाढवायची. चिमणी साफ दिसली की साहेब खूश. गाडीच्या इंजिनाला मात्र हवा जास्त झाली की ते उपाशी मरतं. इतकी वर्षं सगळ्या जगाला हवा कमी आहे म्हणून सांगणारा माणूस भर चौकात पेट्रोलचा स्क्रू सैल करत होता, आणि माझं हसणं काही केल्या थांबेना. थोड्या वेळानं तेही हसायला लागले. भाजीवाले आमच्याकडे बघत होते.

चौथ्या तपासणीला आकडा आला दोन पूर्णांक चार. मी तो मोठ्यानं वाचला, तरी काकांनी पुन्हा वाचायला लावला. मग पीयूसीवाल्याला वाचायला लावला. दोन दिवसांनी आरटीओत इन्स्पेक्टरनं गाडी तपासली, बॉनेटखालची पट्टी नीट बघितली, "कोणी केलं हे?" म्हणून विचारलं आणि सही केली. आणखी पाच वर्षांची सोय झाली. संध्याकाळी काकांनी सोसायटीभर पेढे वाटले. सेक्रेटरीच्या घरी स्वतः गेले, पेढा दिला आणि जाता जाता त्याची शेगडी बघून आले.

इथे हे व्यक्तिचित्र संपायला हरकत नव्हती. पण त्यानंतरच्या चौथ्या रविवारी सकाळी मी दूध आणायला उतरले, तर पद्मिनीचं बॉनेट उघडं. आमचा तो दोन पूर्णांक चारवाला कार्बोरेटर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला आणि काका जुना, धूर ओकणारा, त्याच्या जागी बसवत होते.

मला पाहून त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

मी फार बोलले. शिक्षिकेच्या तोंडाला एकदा सुरुवात झाली की आवरत नाही. म्हटलं, काका, परीक्षेपुरतं पाठ करून पास व्हायचं आणि मग पुस्तक विकून टाकायचं, हे तुमच्याकडून मला अपेक्षित नव्हतं. माझी ओढणी, यजमानांचे रुमाल, ते राहू दे. पण त्या माणसानं विश्वासानं सही केली. काकांनी पाना उचलून वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाले, "फक्त रविवारी बसवतो. सोमवारी परत काढतो. दोन रविवार झाले."

"पण का?"

ते गाडीच्या कडेला टेकून बसले. "हा लहानूनं बसवलेला हाय," ते म्हणाले. "डोळे जायच्या आधीचं त्याचं शेवटचं काम. तेव्हाच निम्मं दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून बसवला. ह्याचा आवाज त्याला घाटातून कळतो. सावळ घाट उतरून मी वळलो की तो काठी घेऊन उठतो आणि फाट्यापर्यंत एकटा चालत येतो. कोणी हात धरलेला चालत नाय. आठवडाभर त्याला उठवतात, बसवतात, नेतात. तेवढी एक चाल त्याची स्वतःची हाय. नवा बसवून गेलो त्या रविवारी तो आलाच नाय. मी दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाला, तू आला ते कळलंच नाय. मी सांगितलं, सायलेन्सर बदलला, पुढच्या वेळी जुना लावतो."

"खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू लावलेला धूर सोडत होता, म्हणून काढून टाकला?"

हॉर्न वाजवा, असं मी म्हणून पाहिलं. घाटात सगळेच वाजवतात, असं उत्तर आलं. फोन करा म्हटलं. फोन केला की लहानूंची सून आधीच त्यांना हाताला धरून आणून बसवते. बोलता बोलता काकांचे डोळे भरून आले होते. चौतीस वर्षं पाळीच्या रजिस्टरमध्ये एक खोटा आकडा लिहिला नाही, तेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

वर गॅलरीत सुमनकाकू कधीपासून उभ्या होत्या. "अहो, नवाच बसवा," त्या म्हणाल्या. "आणि वहिनींना बरोबर न्या. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा काहीतरी सायलेन्सरचं सांगाल."

अशा रीतीनं मी माझा रविवार पद्मिनीत घातला. जुना कार्बोरेटर फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर, सगळ्या साडीला पेट्रोलचा वास. पाड्यापाशी पोचलो तर फाट्यावर कोणी नव्हतं. लहानूकाका पडवीत बसले होते, अंगानं काटक, डोक्याला टॉवेल. मी नमस्कार केला. काका पडवीच्या पायरीशीच थांबले. मीच मग पुढे होऊन तो कार्बोरेटर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फडकं सोडलं. बोटं त्या पितळेवरून, स्क्रूवरून फिरली. "हा तर माझा," ते म्हणाले. मग कार्बोरेटर नाकाशी नेला. "जेट झिजलं का रं, बोरस्त्या?"

काकांनी सगळं सांगून टाकलं. पाच पूर्णांक सहा, मालेगाव, पट्टी, बिटको चौक, दोन रविवारची लबाडी. लहानूकाका ऐकत होते आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं. "दोन वर्षं वास येतोय मला," ते म्हणाले. "कच्चं पेट्रोल जायचं. म्हटलं, याला आता ट्युनिंग जमत नसंल. वय झालं. बोलून कशाला दुखवायचं?"

एकानं दुसऱ्याचं काम बिघडलं म्हणून सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्यानं पहिल्याचं. हे दोघं एकमेकांना जपत धूर काढत होते.

मग जे सुरू झालं ते बघायला पाड्यातली निम्मी माणसं जमली. लहानूकाकांना गाडीपाशी आणलं. त्यांनी बॉनेटखाली मान घातली, कान नव्या कार्बोरेटरकडे केला आणि हात पुढे करून म्हणाले, "पेचकस दे." मी पुन्हा स्टिअरिंगमागे. "रेस," ते म्हणाले, "सोड. अजून सोड." त्यांना स्क्रू कुठे आहे ते कोणी सांगितलं नाही, बोटांनीच सापडला. पाव फेरा इकडे, थोडा तिकडे. इंजिनाचा सूर बदलत गेला आणि एका जागी येऊन असा शांत लागला की काकांनी हातातलं फडकं धुराड्याला न लावताच घडी करून खिशात ठेवलं. सोमवारी आम्ही पुन्हा मोजलं तेव्हा आकडा दोनाच्याही खाली गेला होता, पण ते त्या क्षणी कोणालाच महत्त्वाचं वाटत नव्हतं.

"आता जा," लहानूकाका म्हणाले. "घाट चढून वर जा आन परत ये."

काका गाडी घेऊन गेले. मी पडवीत लहानूकाकांशेजारी बसले. सुनेनं कोरा चहा आणला. ते तिच्याशी पाड्यावरच्या कोकणी बोलीत काही बोलले, ते मला कळलं नाही. एक जीप गेली. ते चहा पीत होते. दोन मोटारसायकली गेल्या, एसटी हॉर्न वाजवत गेली. मी कान टवकारून बसले होते आणि मला पाखरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला.

"आला," ते म्हणाले.

"कुठे?"

"हाय अजून लांब. दुसऱ्या वळणाला."

त्यांनी काठी घेतली. सून सवयीनं पुढे झाली, तिला त्यांनी नुसत्या हातानं थांबवलं. पडवीची पायरी काठीनं शोधली, उतरले आणि चालायला लागले. बांधाच्या कडेनं, आंब्याला वळसा घालून, कुठेही न अडखळता. मी मागून अंतर ठेवून जात होते आणि मला रडू येत होतं. ते फाट्यावर जाऊन उभे राहिले तेव्हा कुठे मला गाडीचा आवाज आला.

काकांनी गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबवली. खाली उतरले नाहीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिले. लहानूकाका बॉनेटला हात लावून चाचपत दरवाज्यापर्यंत आले. खिडकीतून हात आत घातला, काकांचा चेहरा शोधला आणि त्यावरून हळूच फिरवला.

"पुस ते," ते म्हणाले. "आन दार उघड, मला घरापर्यंत सोड."